तळहात पुढं करा

"तिथंच थांबा, बाई. पाय आत टाकायचा न्हाई."

आवाज आधी आला, मग माणूस आला. उघडं अंग, कमरेला पंचा, गुडघ्यापर्यंत तांबडी माती. वय साठीला टेकलेलं, पण मान अजून खांबासारखी. हे हिंदुराव मुळीक, तालुक्यातल्या सगळ्यात नावाजलेल्या तालमीचे वस्ताद. त्याआधी मी त्यांना फक्त मिरवणुकीत, फेटा बांधलेले पाहिले होते.

मी पायरीवरच उभी राहिले.

"मी वैजयंता सुतार. ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे."

"काय हाय?"

"समुपदेशक. आजारांची माहिती देते, सल्ला देते. तुमच्या मुलांशी तासभर बोलायचं होतं."

"माझ्या पोरास्नी कसला आजार?" त्यांनी मागं हात केला. "दिसतोय कुठं?"

आत हौद्यातल्या मातीत दोन जोड्या लढत होत्या. भिंतीकडेला काही मुलं जोर मारत होती. घामाचा आणि तेल मुरलेल्या मातीचा वास दारापर्यंत येत होता.

"दिसत नाहीत अशाच आजारांबद्दल बोलायचंय," मी म्हणाले. "गुप्तरोगांबद्दल."

आतलं धापणं थांबलं. वस्ताद एक पायरी खाली उतरले.

"परत म्हणा."

मी परत म्हणाले.

"बाई, हितं लंगोटाला पक्की पोरं ऱ्हातात. पहाटे चारला उठत्यात, दूध-बदाम खात्यात, रात्री आठला झोपत्यात. तुमचं हे बोलणं यष्टी स्टँडच्या मागं जाऊन करा. निघा."

दार लागलं. आत कुणीतरी काहीतरी बोललं आणि पंधरा-वीस जणांचं हसणं एकदम फुटलं. मी रस्त्याला लागले तरी ते ऐकू येत होतं.

दोन हजार चार सालची गोष्ट आहे. मी सव्वीस वर्षांची होते आणि नोकरीला तीन महिने झाले होते. तालमीत जायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट आमचे डॉ. नाईकवडी म्हणाले होते, "मॅडम, नाव खोटं, पत्ता खोटा. आपण कुठं शोधत बसायचं? सोडून द्या."

आठ दिवसांपूर्वी एक मुलगा बाह्यरुग्ण विभागात आला होता. अठरा-एकोणीस वर्षांचा, मांडीएवढा दंड, आखूड बाह्यांचा शर्ट दंडावर ताणलेला. दोन्ही तळहातांवर तांबूस, तपकिरी डाग होते. खाजत नव्हते, दुखत नव्हते. तळपायावरही तसेच. डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि त्याला माझ्या खोलीत पाठवलं. तो बसलाच नाही.

"मला काय झालंय ते सांगा, न्हाईतर गप बसा," तो म्हणाला.

"उद्या रिपोर्ट आला की सांगते. गेल्या दोन-तीन महिन्यांत कुठं जखम झाली होती का? न दुखणारी?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की वाटलं, हा आता टेबल उलथवणार.

"तालमीत कळवणार काय तुमी?"

"नाही. इथलं कुणालाच कळत नाही."

तो निघून गेला. केसपेपरवर 'विजय पाटील' लिहिलं होतं आणि पत्त्याच्या जागी नुसतं गावाचं नाव. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. सिफिलिस. पुस्तकात त्याला उपदंश म्हणतात, आमच्याकडं गरमी. एका दिवसात दोन इंजेक्शनं घेतली असती तर प्रश्न मिटला असता. विजय पाटील परत आलाच नाही. माझ्याजवळ त्याच्या दोनच खुणा होत्या. एक म्हणजे त्यानं चुकून उच्चारलेला 'तालीम' हा शब्द, आणि दुसरी म्हणजे त्याचे कान. कुस्तीत रगडून रगडून फुटलेले, गोळा झालेले कान.

गावात तालमी तीन होत्या. राहती मुलं असलेली एकच.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. या वेळी वस्ताद बाहेर कट्ट्यावर बसले होते. समोर एक लहान मुलगा बदाम वाटत होता. त्यांनी त्याला आत पिटाळलं.

"नाव सांगा," ते म्हणाले. "काल रातभर इचार केला मी. तुमी उगंच आला न्हाई. माझ्यातलं कोणतरी तुमच्याकडं येऊन गेलंय. कोण?"

"नाव मला माहीत नाही."

"खोटं बोलताय."

"खरंच माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं."

"मग कशाला आलाय? त्वांड बघायला?"

मी पिशवी दोन्ही हातांनी पुढं धरली होती. "ज्याला झालंय त्याला वाटतंय, आपोआप बरं होईल. डाग जातीलही. पण आजार आत राहतो. पुढं दहा-वीस वर्षांनी डोळे जातात, डोकं जातं, काळीज निकामी होतं. आज दोन इंजेक्शनांचं काम आहे. मला कुणाला पकडायचं नाही, वस्ताद. मला सगळ्यांसमोर एवढंच सांगायचंय, म्हणजे ज्याचं त्यानं ऐकावं आणि यावं."

ते उठले.

"उद्या चारला या. मागच्या पत्र्याखाली. मी समोर बसणार. एक शब्द वावगा बोलला तर तुमच्या डॉक्टरकडं न्हाई, सरळ आमदाराकडं जाईन. नोकरी पक्की हाय का तुमची?"

"नाही. करारावर आहे."

"मग तर सोपं हाय," ते म्हणाले.

माझ्या बोलण्यानं ते वळले, असा माझा समज झाला. त्यांना चोर शोधायचा होता.

तिसऱ्या दिवशी चार वाजता तालमीच्या मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली तेवीस मुलं बसली होती. सगळ्यात लहान चौदाचं असेल, मोठी वीसपर्यंत. नुकतीच मेहनत झालेली, अंगाला माती तशीच. कुणीही आंघोळ केली नव्हती. मला वाटतं, ते मुद्दाम होतं. वस्ताद एका बाजूला लोखंडी खुर्चीवर बसले होते, हाताची घडी घालून.

विजय पाटील तिसऱ्या रांगेत होता. मी त्याला पाहिलं आणि नजर पुढं सरकवली. त्यानंही मला पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि लगेच लाल झाला.

मी बोलायला सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला मागच्या रांगेतून कुणीतरी म्हशीसारखा आवाज काढला. सगळे फुटले. वस्ताद हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला गपही केलं नाही.

"हे आजार कसे होतात, ते आधी सांगते," मी म्हणाले. "शरीरसंबंधातून होतात. थुंकीनं होत नाहीत, एका ताटात जेवल्यानं होत नाहीत."

"म्हंजे तुमच्या शेजारी बसलं तर चालतंय की," एक जण म्हणाला. पुन्हा हशा.

"चालतंय," मी म्हणाले. "ये बस."

तो काही उठला नाही, दुसराच उठला. तो तिसऱ्या रांगेतला होता. विजय पाटील. त्यानं दोन्ही हात मागं बांधले होते.

"बाई, तुमचं लगीन झालंय काय?"

"नाही."

"मग तुमाला हे समदं कसं ठावं? कुठं शिकला?"

या वेळचं हसणं वेगळं होतं. काही लहान मुलांनी माना खाली घातल्या. मला कानापर्यंत जाळ आल्यासारखं झालं. सगळ्यांत जास्त राग या गोष्टीचा आला की मी ज्याच्यासाठी इथं आले होते, तोच मला मारत होता. मग माझ्या लक्षात आलं, त्याला मारणं भाग होतं. सगळ्यांत मोठ्यानं जो हसेल त्याच्यावर कुणाचा संशय जाणार नव्हता.

"मी नर्सिंग शिकलेय," मी म्हणाले. "आणखी काही विचारायचंय?"

"धैर्या, बस खाली," वस्ताद म्हणाले. असं मला त्याचं नाव कळलं. धैर्यशील खोत. गेल्या वर्षी त्यानं जिल्ह्यात गदा आणली होती, हे मला नंतर समजलं.

मग मी कुणाकडं न बघता बोलत गेले. चिडल्यामुळं असेल, पण आवाज एकदम स्थिर झाला होता. निरोध कशासाठी वापरतात ते सांगितलं. एड्सबद्दल सांगितलं. आणि मग गरमीबद्दल सांगितलं, अगदी सावकाश, तिसऱ्या रांगेला कळावं म्हणून.

"पहिल्यांदा एक जखम होते. ती दुखत नाही, म्हणून माणूस तिच्याकडं लक्ष देत नाही. तीन-चार आठवड्यांत ती आपोआप भरते. माणसाला वाटतं, सुटलो. मग दीड-दोन महिन्यांनी अंगावर डाग उठतात. तळहातावर, तळपायावर. खाजत नाहीत. कुणी म्हणतं उष्णता आहे, कुणी म्हणतं रक्त खराब झालंय. लेप लावतात, काढा देतात. डाग जातात, आणि लेप देणाऱ्याचं नाव होतं. पण ते डाग तसेही जाणारच असतात. आजार तिथंच असतो."

अंगण शांत झालं होतं. मला वाटलं, मुलं ऐकतायत. मग दिसलं की मुलं माझ्याकडं नाही, वस्तादांकडं बघत होती. वस्ताद खुर्चीत पुढं वाकले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर होते, आणि त्यांचा चेहरा मला समजेना.

ते उठले.

"समद्यांनी उभं ऱ्हावा," ते म्हणाले. "तळहात पुढं करा."

मला एका क्षणात कळलं, मी काय करून बसले ते. गेली पंधरा मिनिटं मी त्यांना चोराची खूण सांगत होते.

"वस्ताद, असं करू नका. असं बघून कळत नाही," मी म्हणाले. "रक्त तपासावं लागतं."

"आत्ताच म्हणाला की तळहातावर."

"प्रत्येकाला उठतात असं नाही. आणि दुसऱ्या कारणानंही डाग—"

"बाई, तुमचं झालं. आता माझं चालू हाय."

मुलांनी हात पुढं केले. सगळे हात तांबडे होते. मातीनं तेवीसच्या तेवीस जण सारखे दिसत होते. माझा जीव भांड्यात पडला. मग वस्तादांनी पाण्याची बादली मधोमध आणून ठेवली.

"धुवा. एकेकानं."

पहिला वाकला, धुतले, हात वर केले. वस्तादांनी दोन्ही तळवे धरून उजेडाकडं फिरवले. "जा." दुसरा. "जा." लहान मुलं तर भीतीनं रडायच्या बेतात आली होती. मी मध्ये जायला पुढं झाले, तर दोघा मोठ्या पोरांनी वाट अडवली. त्यांनी मला हात लावला नाही, नुसते समोर उभे राहिले.

"त्या मुलानं माझ्यावर विश्वास ठेवला होता," मी ओरडले. "पुन्हा तो कुणाकडंच जाणार नाही. कळतंय का तुम्हाला?"

वस्तादांनी मान वळवली नाही.

चौदावा की पंधरावा धैर्यशील होता. त्यानं हात धुतले. पाणी लाल होऊन बादलीतून सांडलं. त्यानं तळवे पुढं केले आणि डोळे मिटले. मी जिथं उभी होते तिथूनही मला ते दिसले, भिजल्यामुळं आणखी उठून. एक, दोन, पाच, सहा.

वस्तादांनी त्याचे तळवे हातात घेतले. इतरांचे धरले होते त्यापेक्षा जास्त वेळ धरले. त्यांचा अंगठा एका डागावर टेकला.

"जा," ते म्हणाले. "फुडचा."

धैर्यशीलनं डोळे उघडले. त्याचा विश्वास बसला नसावा. तो तिथंच उभा राहिला, तेव्हा वस्तादांनी त्याला खांद्यानं ढकललं. "जा म्हणलं न्हवं?"

राहिलेली मुलं त्यांनी तशीच तपासली, एकही न गाळता. मग माझ्याकडं वळले.

"बघितलंत? माझ्या पोरांत काय बी न्हाई. उगंच बदनामी करत हिंडू नका. चला, निघा. परत ह्या गल्लीत दिसलात तर बाया सोडीन अंगावर."

मुलं हुर्यो करत माझ्यामागं रस्त्यापर्यंत आली. कुणीतरी ओल्या मातीचा गोळा मारला. तो माझ्या पाठीवर बसला. मी घरी गेले, साडी भिजत घातली आणि राजीनाम्याचा अर्ज लिहायला बसले. वस्तादांनी डाग पाहिले होते. आता ते त्या मुलाला गुपचूप हाकलणार, असंच मी धरून चालले होते. दोष माझाच होता.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी दवाखान्यात पोचले, तेव्हा ते दोघं माझ्या खोलीबाहेर उभे होते. वस्ताद इस्त्रीचा सदरा घालून आले होते. धैर्यशीलच्या एका गालावर बोटं उमटली होती.

"ह्याला काय सुई टोचायची ती टोचा," वस्ताद म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"तुम्ही याला मारलंत?"

"माझं पोरगं हाय. मी मारीन न्हाईतर पुजीन."

"बाहेर बसा. मला याच्याशी एकट्याशी बोलायचंय."

त्यांना असं कुणी सांगायची सवय नव्हती. पण ते बाहेर गेले. मी दार लावलं.

धैर्यशील या वेळी बसला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी म्हणाला हुता कुणाला कळणार न्हाई."

"म्हणाले होते. माझ्यामुळं कळलं. माझी चूक झाली."

त्याला या उत्तराची अपेक्षा नव्हती. "मग आता काय उपेग?"

"आता इंजेक्शन घ्यायचं. दोन्ही कुल्ल्यांवर, आजच. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, सहा महिन्यांनी पुन्हा. तोवर कुणाशी संबंध नाही. आणि जिच्याशी संबंध आला होता, तिलाही औषध लागेल."

"ती कोण ते मला ठावं न्हाई." तो पहिल्यांदाच हळू बोलला. "मैदान मारलं हुतं. मोठ्या पोरांनी नेलं. लॉजवर. न्हाई म्हणलो असतो तर हसली असती."

"ती मोठी पोरं कोण?"

त्यानं दाराकडं पाहिलं.

"नावं सांगू नकोस. त्यांना एवढंच सांग, सोमवारी सकाळी इथं गर्दी नसते."

पुढच्या सोमवारी दोघं आले. ते अंगणात माझी वाट अडवणारेच होते. त्यांनी एकमेकांकडं पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडं तर नाहीच. धैर्यशील बरा झाला. सहाव्या महिन्याचा रिपोर्ट त्यानं माझ्या हातातून हिसकावून घेतला, वाचला आणि गेला. पुढं मोठा पैलवान झाला. बाजारात दिसला की रस्ता बदलायचा. मी त्याला दोष देत नाही.

पण त्या दिवशी, धैर्यशीलला इंजेक्शनच्या खोलीत पाठवल्यावर, वस्ताद आत आले आणि त्यांनी स्वतःच दार लावलं.

"तक्रार करायचीय का?" मी विचारलं. रात्रभर झोप नव्हती, माझ्यात भांडायचंही बळ राहिलं नव्हतं.

"काल तुमी म्हणाला, डाग आपसूक जात्यात."

"हो."

"आन आजार आत ऱ्हातो."

"हो."

ते माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते. "किती वर्सं?"

"औषध नाही घेतलं तर जन्मभर."

"बाईला बी हुतो?"

"पहिल्या काही वर्षांत होतो. नवऱ्याकडून होतो."

"आन तिला दिवस गेले तर?"

आता मला कळायला लागलं. काल ते धैर्यशीलच्या तळहातावर अंगठा टेकवून का थांबले होते, आणि डाग दिसूनही त्याला 'जा' का म्हणाले. मला थोडं खोटं बोलता आलं असतं. माणूस साठीचा होता. सांगून आता काय परत येणार होतं?

"पोटातलं मूल दगावतं," मी म्हणाले. "सातव्या-आठव्या महिन्यात. किंवा जन्मल्यावर थोड्या दिवसांत."

"चार," वस्ताद म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं.

"लग्नाच्या आदी मी बाविशीत हुतो. एका जत्रंतलं मैदान हुतं. धैर्याच्या वयाचाच म्हणा की. मग हातावर हेच. वैदू म्हणला, अंगातली उष्णता भायेर पडली, आता तू लोखंड झालास. मी त्येला कोंबडं दिलं. वर्साच्या आत लगीन झालं. चार गेली. तीन पोटातच. एक अकरा दिस जगलं. आई म्हणायची, हिची कूस किडकी हाय. मी बी म्हणलो. दुसरी करतो म्हणलो. केली न्हाई, पण म्हणलो. तीस वर्सं म्हणत आलो."

"तुमचं रक्त तपासू," मी म्हणाले. "त्यांचंही तपासावं लागेल."

"तिला तुमी सांगा."

"नाही. मला सांगता येत नाही. तुमचा आजार तुम्हीच सांगायचा. मी शेजारी बसेन."

ते एकदम उसळले. "काल तेवीस पोरांम्होरं त्वांड चाललं न्हवं तुमचं? आता काय झालं?"

"काल मी चुकले," मी म्हणाले. "आज नाही चुकणार."

खुर्ची मागं ढकलून ते निघून गेले. तक्रार त्यांनी केली की आणखी कुणी, ते मला आजही ठाऊक नाही, पण आठवड्याभरात वरून पत्र आलं. यापुढं मी लेखी परवानगीशिवाय कुठल्याही शाळेत, तालमीत पाऊल टाकू नये, असं त्यात होतं. डॉ. नाईकवडींनी ते माझ्यापुढं ठेवलं आणि पुढचा केसपेपर उचलला. राजीनामा माझ्या पर्समध्येच होता.

बारा दिवसांनी ते बायकोला घेऊन आले.

हौसाबाई ठेंगण्या, काटक होत्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या, पदर दोन्ही हातांनी धरून. त्यांना वाटत होतं, नवऱ्याला साखरेचा आजार निघालाय. रक्त आधी घेतलं, दोघांचंही. दोन दिवसांनी बोलावलं. दोघांच्याही रक्तात जुनी खूण सापडली. मी दार लावून बसले आणि वस्तादांकडं पाहिलं.

त्यांनी सांगितलं. मी आजवर शेकडो माणसांना हे सांगताना ऐकलंय. काही जण रडतात, काही जण नशिबावर टाकतात. वस्तादांनी तसलं काही केलं नाही. जत्रा सांगितली, वैदू सांगितला, हातावरचे डाग सांगितले आणि शेवटी म्हणाले, "ती पोरं माझ्यामुळं गेली. तुझं काय बी न्हवतं."

हौसाबाई माझ्याकडं वळल्या.

"खरं हाय?"

"इतक्या वर्षांनी शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही, मावशी. पण तुम्ही सांगता तशी चार बाळंतपणं आणि रक्तातली ही खूण, कारण हेच असणार."

"सुया घ्यायच्या मला?"

"तीन. आठवड्याला एक. यांनाही."

"घेतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बाया असंच बोलतात, पुरुषासारखं. "पर आदी हे कागदावर लिवून द्या."

"रिपोर्ट देते की."

"त्यातलं इंग्लिश मला काय करायचंय? आमच्या बोलीत लिवा. माझ्यात खोट न्हवती म्हणून लिवा. सासू मेली, तिला दावता येत न्हाई. पर तिच्या लेकी हाईत दोन. गल्लीतल्या बाया हाईत. तीस वर्सं मला कुणी ओटी भरायला बोलावलं न्हाई."

असा दाखला द्यायचा मला अधिकार नव्हता. तसला कुठला नमुनाही नव्हता. मी वस्तादांना म्हणाले, "लिहायचं तर तुमचं नाव घालावं लागेल."

"घाला," ते म्हणाले.

मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं: 'हौसाबाई हिंदुराव मुळीक यांच्या रक्तात एका आजाराची जुनी खूण सापडली आहे. हा आजार त्यांना त्यांचे पती हिंदुराव यांच्याकडून झाला. या आजाराने पोटातले मूल दगावते. त्यांची चार मुले याच कारणाने गेली असावीत. यात हौसाबाईंचा कोणताही दोष नाही.' खाली सही केली, तारीख घातली. माझी नोकरी या कागदावर जाऊ शकत होती. त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

हौसाबाईंनी कागद घेतला. उलटा धरला, सुलटा धरला. मग नवऱ्याच्या हातात दिला.

"मला वाचाय येत न्हाई. वाचा."

वस्तादांनी वाचायला सुरुवात केली. पुटपुटतच.

"थांबा," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, दाराशी गेल्या, कडी काढली आणि दार पुरतं उघडलं. बाहेर बाकांवर बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. काही माणसं केसपेपर घेऊन रांगेत उभी होती. तालुक्याचं गाव, त्यातली निम्मी वस्तादांना ओळखणारी. दोघं-तिघं लगेच हात जोडून पुढं झाली.

वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. दार लावा, असं ते डोळ्यांनी सांगत होते. त्या खोलीचं दार लावणं हे माझं पहिलं काम होतं. ज्यांचं गुपित त्यांचं दार, हे मला पढवलेलं होतं. पण हे गुपित आता एकट्या वस्तादांचं राहिलं नव्हतं.

मी जागेवरून उठले नाही.

हौसाबाई खुर्चीवर येऊन बसल्या, या वेळी पाठ टेकून. पदर मांडीवर सोडून दिला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता वाचा. पहिल्यापास्नं."

वस्ताद उभे राहिले, कागद दोन्ही हातांत धरला आणि बाहेरच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, आपल्या बायकोचं नाव वाचलं.